गामुंगकाकांनी न घेतलेलं नाव

लाए शहराच्या पासपोर्ट ऑफिसात गामुंगकाकांना झटका आला आणि त्यांची वाचा गेली, ही बातमी खुद्द काकांच्या आधी गावात पोचली. दुपारच्या होडीनं ती आली आणि संध्याकाळपर्यंत तिला हातपाय फुटले. तोंड वाकडं झालंय, डावा हात लुळा पडलाय, सानाकाकू धक्क्यावर ऊर बडवतायत. चर्चच्या बायकांनी तर आजाऱ्याला सोसेल असं म्हणून नारळाच्या दुधात अळूचे कांदे शिजायला घातले. मग शेवटच्या होडीतून काका उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी होडीवाल्याशी भाड्यावरून रीतसर भांडण केलं, वर येऊन पातेल्यातलं कुणासाठी आहे ते विचारलं, आणि दोन वाडगे खाऊन मोकळे झाले.

वाचाबिचा काही गेली नव्हती. गामुंगकाकांची वाचा जायची तर आधी समुद्राला रजा घ्यावी लागेल. त्यांना फक्त एक नाव घेता येत नव्हतं.

ते नाव एलिसा. एलिसा हे सानाकाकूंचे थोरले भाऊ, म्हणजे काकांचे तांबू. आणि तांबूचं नाव तोंडातून काढायचं नसतं, उखाण्यात गुंफूनसुद्धा नाही. निसटलंच तर तांबूच्या दारात डुक्कर नेऊन बांधायचं. इतरांच्या तोंडून कधीमधी निसटतं, डुक्कर जातं, जेवणं होतात, विषय मिटतो. काकांच्या तोंडून मात्र लग्नापासून एकदाही निसटलेलं नाही. एकदा एलिसांच्या पायाशी साप आला होता. काका ओरडले, "अहो ते, तुम्ही नाही, ते, उंच ते, उडी मारा." एलिसा सोडून सगळ्यांनी उड्या मारल्या. सापच शेवटी कंटाळून निघून गेला.

आता काकांना पासपोर्ट कशाला हवा, तर शंखासाठी. आमच्या गावच्या शंखांच्या बँडला फिजीत चर्चच्या मोठ्या संमेलनाचं बोलावणं आलं होतं. बँडमध्ये एकेका माणसाकडे एकेक शंख आणि एकेक सूर. काकांचा शंख सगळ्यांत मोठा, लहान पोर आत झोपेल एवढा, आणि सूर सगळ्यांत खालचा. काका नसताना एकदा भजन वाजवून पाहिलं. त्यांचा सूर यायच्या जागी दर वेळी अंधारात पायरी चुकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या एकानं त्यांचा शंख फुंकून पाहिला, तर व्यायला लागलेल्या डुकरिणीचा आवाज निघाला आणि मागच्या बाकावरच्या बायका मदतीला उठल्या. बाकी सगळ्यांचे पासपोर्ट झाले होते. काकांचा नाही झाला, तर बँडनं जाण्यात अर्थ नव्हता.

खेड्यातल्या माणसाच्या अर्जावर गावातल्या मोठ्या माणसाची सही लागते, मी याला ओळखतो अशी. पाद्री नवे होते, त्यांची काकांशी ओळख म्हणजे दोन-चार रविवारांची. राहिले गावच्या कोर्टाचे पंच. पंच म्हणजे एलिसा. त्यांनी झोकात सही केली, आणि काका अर्ज घेऊन लाएला गेले.

खिडकीमागं मिस जसिंता होती. राजधानीत, मोर्सबीत वाढलेली, अजून लग्न न झालेली, त्यामुळे तांबू नावाचं दुखणं तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

"बाबा, ही सही कुणाची?"

"आमच्या पंचांची."

"त्यांचं नाव काय?"

"फार सरळ माणूस, मिस."

"नाव विचारलं मी."

"उंच आहेत. शिंकायला लागले की थांबत नाहीत. टॉर्च असली तरी कंदीलच घेऊन हिंडतात."

"बाबा, नाव."

"कागदावर आहे ना ते."

"कागदावर आहे म्हणूनच विचारतेय. कागदावर कुणीही काहीही लिहून आणतं."

काकांनी वर पंख्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. दारातून सानाकाकू म्हणाल्या, "अगं पोरी, एलिसा नाव आहे त्याचं, माझा भाऊ आहे तो."

"आई, पासपोर्ट तुमचा काढायचाय का यांचा?"

"यांचा."

"मग यांना बोलू दे."

पण हे काही बोलेनात. पंखा फिरत होता, काकांची मान त्याच्याबरोबर बारीक फिरत होती. शिपायानं घाबरून पाणी आणलं. रांगेत आमच्या गावचं एक माणूस उभं होतं, त्यानं हे एवढंच पाहिलं आणि दुपारची होडी पकडली.

मिस जसिंतानं अर्ज परत केला. ज्यांनी सही केली त्यांना समोर आणा, त्यांना येऊन सांगू दे, हा माणूस अमुक अमुक.

एलिसांना हे कळल्यावर ते पोट धरून हसले. मग पंचाच्या आवाजात म्हणाले, "तांबू, एवढं काय मनाला लावून घेता? एकदा घ्यायचं नाव. डुकराचं काय, आपल्याच घरात राहील."

"डुक्कर देईन एखाद वेळी," काका म्हणाले. "नाव नाही देणार."

दुसऱ्या खेपेला एलिसा इस्त्रीचा शर्ट घालून, त्यावर पंचाचा बिल्ला लावून निघाले. होडीत जागा होती म्हणून आम्ही शंखवाले दोघं-तिघंही चढलो. एलिसा वाटभर काकांना समजावत होते, ऑफिसात कसं उभं राहायचं, साहेबाच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर कसं द्यायचं. काका लाटांकडे बघत गप्प ऐकत होते. त्यांचं गप्प बसणं मला जरा खटकलं होतं.

"पंच," मिस जसिंता म्हणाली, "हे तुमच्याशेजारी उभे आहेत ते कोण?"

एलिसांनी छाती फुगवली, तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. तांबू दोन्ही बाजूंनी तांबू असतो, हे इतरांना समजावण्याच्या भरात त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

"हे... माझ्या बहिणीचे मालक."

"नाव?"

दर आठवड्याला साक्षीदारांना दरडावणारे एलिसा पंख्याकडे बघायला लागले.

काका मायेनं म्हणाले, "तांबू, एवढं काय मनाला लावून घेता? एकदा घ्यायचं नाव. डुकराचं काय, आपल्याच घरात राहील."

"तुम्ही आधी घ्या."

"अर्ज माझा, साक्ष तुमची. साक्षीदार आधी."

"अर्जदार आधी. मी पंच आहे, मला माहीत आहे."

मिस जसिंतानं पेन खाली ठेवलं. "बाबा, मला कळतंय की तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता. एवढं तर ओळख नसलेली माणसं भांडत नाहीत. पण मला नाव ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आज नाही झालं तर हा अर्ज बंद, नवा करा. आणि नवा अर्ज तुमच्या फिजीच्या आत होत नाही."

आता काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पंख्यावरून नजर काढली, हाताचे तळवे चड्डीला पुसले. आम्हाला वाटलं, आता घेतात. एलिसांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी ओठ आत ओढले.

"मिस," काका म्हणाले, "तुम्ही नावं म्हणा. पंच कोण नाही ते मी सांगतो."

मिस जसिंता खुर्ची पुढं ओढून बसली. "पेत्रुस?"

"नाही. पेत्रुस माझं वल्हं घेऊन गेलाय."

"याकोब?"

"नाही. तो वारला."

"हबाकुक?"

"नाही. हा कुठला?"

"मी आत्ताच बनवला."

"मग नाहीच."

"एलिसा?"

काका पंख्याकडे. अख्खी रांग पंख्याकडे.

"नाथान?"

"नाही," काका सुटल्यासारखे म्हणाले.

तिनं नावं उलटसुलट करून पुन्हा विचारलं. पुन्हा त्याच जागी पंखा. मग एलिसांची पाळी आली. ते काही नुसतं नाही म्हणायला तयार नव्हते. "सिमोन?" "फेटाळलं." "लुकास?" "फेटाळलं." "गामुंग?" एलिसांनी बिल्ला सरळ केला, पुन्हा वाकडा केला, पुन्हा सरळ केला. "तोमास?" "फेटाळलं, फेटाळलं."

शिक्का बसला तेव्हा मिस जसिंता डोळे पुसत होती. पासपोर्ट संमेलनाच्या आत हातात येईल म्हणाली, आणि तो आलाही. त्यातल्या फोटोत काका तोंड घट्ट मिटून बसलेत. तेवढे गप्प ते कधीच नसतात.

पण ते नंतर. त्या दिवशी ऑफिसातून धक्क्याकडे जाताना काकांच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. ऑफिस, पंखा, हबाकुक, सगळं दर वळणावर नव्यानं. मी हिशोब केला, की जीव भांड्यात पडलेल्या माणसाची जीभ सैल असते. म्हणालो, "काका, घरी पोचायच्या आत ते नाव तुमच्या तोंडून निसटतंय की नाही बघा."

"काय लावतोस?"

"सुपारीचा अख्खा घड."

"लाव."

धक्क्यावर होडीवाल्यानं इंजिन चालू केलं. वारा फिरायच्या आत निघायचं होतं. आणि एलिसा नाहीत. बघतो तर ते लांब, टपरीपाशी, आमच्याकडे पाठ करून पिठाचे तळलेले गोळे निवडत उभे. इंजिनाच्या आवाजात होडीवाला ओरडला, "बोलवा त्यांना, नाहीतर मी चाललो." मी सानाकाकूंकडे बघितलं. काकूंनी गाल फुगवून दाखवला, तोंडात सुपारीचा लाल रस काठोकाठ होता. त्या ओरडू शकत नव्हत्या, आणि मला वाटतं त्यांना ओरडायचंही नव्हतं.

काका होडीच्या टोकावर चढले. तोंडाला हात लावले, पोट आत घेतलं. सगळ्यांत खालच्या सुराचा श्वास होता तो. मी सुपारी जिंकल्यात जमा धरली.

"अहो, माझ्या बायकोचे भाऊ."

निम्मा धक्का मागं वळला. पोती वाहणारे वळले, मासे विकणारे वळले, एक पोलीस वळला. प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या बायकोचा भाऊ होताच. त्या सगळ्यांत एलिसाही वळले आणि गोळ्यांची पुडी सांभाळत पळत आले.

काकांनी माझ्याकडे न बघता माझ्यापुढं तळहात पसरला.

गावात उतरल्यावर मी घड आणायला निघालो, तर मागून म्हणाले, "चुनापण आण." चुन्याचं पैजेत काही ठरलं नव्हतं. आणला.