ज्येष्ठमधाचा चहा

मुलाकडे परदेशात आल्यावर जॉन्सनव्हिलच्या वाऱ्यात मोरेश्वरांना खोकला झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी, कोणाला काही विचारलं नाही. मिरजेत त्यांनी आयुष्यभर बालवाडी चालवली होती. शिंकणाऱ्या, शेंबड्या पोरांना काय द्यायचं ते त्यांना पाठ होतं. इथल्या इंडियन शॉपमधून त्यांनी ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या, ठेचून उकळल्या, त्यात दूध घातलं आणि दोन पातेल्यांमधून उंचावरून ओतत वर बोटभर फेस आणला.

खोकला गेला, पण चहा राहिला. सकाळी एक मग, संध्याकाळी एक. मोरेश्वर गरम मग दोन्ही हातांत धरून बसायचे, तेव्हा या परक्या, थंड घरात आपलाही काही उपयोग आहे असं शकुंतलाबाईंना वाटायचं.

मग मोरेश्वरांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. घोटे सुजले. "थंडीनं होतं," ते म्हणाले. शकुंतलाबाईंनी काडी जरा जास्तच घातली.

एका सकाळी मोरेश्वरांना खुर्चीतून उठताच येईना. पाय उचलायला गेले, तर पाय आपले नाहीतच असं वाटलं. मकरंदनं, त्यांच्या मुलानं, त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. हॉस्पिटलात छातीला वायरी लागल्या. बीपी भलतंच वर गेलेलं, रक्तातलं पोटॅशियम खाली, आणि मॉनिटरवरची रेघ अधूनमधून अडखळत होती.

डॉक्टरीणबाईंनी मकरंदला इंग्रजीत विचारलं, "घरगुती औषधं? काही हर्बल?"

"नाही. बीपीची गोळी नेमानं घेतात. बाकी फक्त आईच्या हातचा चहा."

"लिकरिश वगैरे?"

"छे. त्या काळ्या चघळायच्या गोळ्या? बाबा तोंडातसुद्धा घालत नाहीत."

शकुंतलाबाईंना तो शब्द कळला नाही. पण डॉक्टरीणबाईंचं 'चहा' शब्दापाशी थबकणं त्यांनी पाहिलं. त्यांनी मकरंदची बाही ओढली. "काय विचारतायत?"

"काही नाही गं आई. तू बस."

"मला सांग."

तो वैतागला. डॉक्टरीणबाईंनीच फोनवर एक चित्र काढून समोर धरलं. पिवळसर, तंतूतंतूची मुळी.

शकुंतलाबाईंनी ती लगेच ओळखली: ज्येष्ठमध. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मुलगा तर नाही म्हणून मोकळा झाला होता. मॉनिटरवर रेघ पुन्हा अडखळली.

"मी देते," त्या म्हणाल्या. "रोज. दोनदा. मकरंद, सांग त्यांना, मी देते."

मकरंदनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ही मुळी रोज पोटात गेली की पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, म्हणाल्या. बंद केलं की हळूहळू सुधारेल. सांगितलंत ते फार बरं झालं.

सगळे बाहेर गेल्यावर शकुंतलाबाई कॉटपाशी गेल्या. "अहो, जिवावर बेतलं होतं तुमच्या. माझ्या हातानं."

मोरेश्वरांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "विष म्हणून दिलं होतंस का? मग रडतेस कशाला?"

काही दिवसांनी मोरेश्वर आपल्या पायांनी घरात शिरले. पण मकरंद स्वयंपाकघरातला डबान् डबा उघडून बघू लागला. पुड्या सरळ कचऱ्यात गेल्या. मेधा, सून, "राहू दे रे आता," म्हणाली, तरी तो ऐकेना. शकुंतलाबाईंनी गॅसपाशी जायचंच सोडलं.

एका संध्याकाळी सोफ्यावरून मोरेश्वरांचा आवाज आला, "या घरात गरम काही मिळणार आहे का?"

मग मकरंद उठला. फ्रीजमधून दूध आणि गवती चहाची जुडी काढून त्यानं ओट्यावर ठेवली. "ही चालते. बाबांच्या गोळ्यांची नावं सांगून फार्मासिस्टला विचारलंय मी."

शकुंतलाबाईंनी गवती चहा उकळला, त्यात दूध घातलं. थोडं दूध ओट्यावर सांडलं. मकरंद शेजारीच उभा राहिला. पहारा द्यायला की सोबतीला, त्यांना कळेना. तरी त्यांनी पातेलं उंच धरलं आणि धार सोडली.

मोरेश्वरांनी मिशीवरचा फेस पुसला. "पूर्वीचा गोडवा नाही."

"नाहीच येणार," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःसाठीही मग भरला.