लाल गोळ्यापर्यंत

मला समुद्रात पोहायचं होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढायचे नव्हते, बोटीतून हात बुडवायचा नव्हता. पोहायचं होतं. नवऱ्याला मी हे सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं ते एवढंच, की यंदा एलटीसी घ्या आणि अंदमानला चला. लेक नोकरीच्या गावी गेली, घरात आपण दोघंच, आता नाही तर कधी? तो टपाल खात्यात आहे. सरकार फिरायला पाठवत असताना आम्ही आजवर दर वेळी कुणाच्या तरी लग्नाला किंवा बारशाला गेलो, याचा माझ्या मनात साठलेला राग होता. तोही मी त्या दिवशी बाहेर काढला.

तो हो म्हणाला, पण अट घालून. "जंगलात फिरू. ती लांबोडी होडी चालवू, जॅकेट घालून. पाण्यात उतरायचं न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई."

मी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत जाऊन पोहण्याचा पोशाख शोधला. दुकानदाराने विचारलं, "लेकीसाठी का, मॅडम?" मी खुशाल हो म्हणाले. निळा, पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा. पन्नाशीच्या शाळामास्तरणीच्या अंगावर तो कसा दिसेल याचा विचार न करता मी तो बॅगेच्या तळाला ठेवला आणि वर साड्या रचल्या.

मला पोहता येतं हे नवऱ्याने फक्त ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. माझं माहेर लातूरपासून तासाभरावर. आजोबांच्या काळी आम्हाला गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. पुढे आम्ही बौद्ध झालो, पण विहिरीवरची माणसं काही एका दिवसात बदलली नाहीत. म्हणून वडिलांनी मास्तरकी करता करता रानात स्वतःची विहीर खोदली, आणि तिला पाणी लागलं तेव्हा माझ्या कमरेला वाळका भोपळा बांधून मला आत सोडलं. आई काठावर आरडाओरडा करत होती.

"आपल्या हिरीत आपली लेक न्हाई पवायची, तर कोण पवंल?" वडील तिला म्हणाले.

पंधरा दिवसांत माझा भोपळा सुटला. बाराव्या वर्षापर्यंत मी मनसोक्त पोहले. मग आईने बंद केलं, आणि काही वर्षांनी विहीरच आटली. त्यानंतर लातूरची शाळा, तिथंच नोकरी, लग्न, आणि अर्ध्या बादलीत आंघोळ. जवळजवळ चाळीस वर्षं मी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले नव्हते. वडील गेले, विहीर गेली. त्यांनी दिलेलं पोहणं तेवढं राहिलं असावं असं मला वाटायचं, पण खात्री नव्हती. ते अजून अंगात आहे की गेलं, हे मला एकदा पाहायचं होतं. गेलं असेल तर मला फार वाईट वाटणार होतं, हेही मला माहीत होतं.

नवरा मूळचा नांदेडचा. गोदावरीच्या काठावर वाढला, पण पोहता येत नाही. आजही घाटावर गेलो तर तो वरच्या पायऱ्यांवरच थांबतो आणि मी खाली गेले की हाका मारत राहतो. कॉलेजात असताना त्याचा जिवलग मित्र विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात बुडून गेला, असं सासूबाईंनी लग्नानंतर मला सांगितलं होतं. तो स्वतः त्यावर कधी बोलला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

हैदराबादहून विमानाने पोर्ट ब्लेअर, तिथून जहाजाने हॅवलॉक बेट. जहाजात तो पूर्ण वेळ डोळे मिटून, समोरच्या खुर्चीची दांडी धरून बसला होता. मी खिडकीला नाक लावून. त्या पाण्याचा रंग मी कशाशी ताडून पाहावा हे मला कळेना. आमच्याकडे इतक्या निळ्या रंगाची साडी कुणी दाखवली असती तर मी भडक म्हणून परत केली असती.

माझा बेत साधा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला एक बोट पर्यटकांना घेऊन प्रवाळ पाहायला जायची. तिथं शिकवणारी माणसं पाण्यात सोबत उतरतात. साडीच्या आत निळा पोशाख घालायचा, बोट थांबली की साडी सोडायची आणि नवऱ्याने तोंड उघडायच्या आत पाण्यात उडी घ्यायची. पुढचं पुढं.

आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या मॅनेजरने हिंदीत सांगितलं, "मोटर बिघडली आहे. उद्या सकाळी सहाला नळाला पाणी येईल, तेवढं वापरून घ्या."

असं वाक्य लातूरच्या माणसाला सांगायचं नसतं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आमचा पंचवीस वर्षांचा संसार झाला. पाणी येणार म्हटलं की आम्ही लग्नाची तारीख पुढं ढकलू. सकाळी सहाला नळ खों-खों करून वाजला आणि आम्ही दोघं एक शब्द न बोलता कामाला लागलो. त्याने बादली लावली, मी प्लास्टिकचा मग. बादली भरली तसा त्याने टब ओढून आणला. मी चहाची किटली भरली, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरल्या, पेले भरले. त्याने कचऱ्याचा डबा घासून धुतला आणि तोही भरला. मी प्रसाधनाच्या पिशवीतलं सामान पलंगावर ओतून पिशवी नळाखाली धरून पाहिली, ती गळत होती म्हणून सोडून दिली. शेवटी त्याने कमरेवर हात ठेवून सगळीकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाला, "चला, दोन दिवसांची फिकीर मिटली."

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी ते हॉटेल सोडणार होतो. आणि घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट दूर एवढीशी दिसत होती. परत येऊन मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, मोटर तर दुरुस्त झाली, आता दिवसभर पाणी आहे. मग त्याने आमच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि भिंतीला टेकून हसत सुटला. नवराही हसू लागला. मला मात्र हसू येईना. माझ्या साडीच्या आत निळा पोशाख होता, मला घामाने नुसतं उकडत होतं, आणि ती बोट आता दोन दिवस नव्हती. मी त्याच्यावर भडकले.

"टब कशाला भरायला घेतला? टबात बसणार होतात का?"

"अन् किटली कुणी भरली?" तो म्हणाला. "एवढं काय झालं? एक बोट तर गेली. खामखा डोकं गरम करून राहिलीस."

एक बोट. त्याला काय सांगणार? मी खोलीत जाऊन पोशाख काढला आणि चरफडत बसले.

दुपारी मॅनेजरने खाडीतल्या होडीची सोय करून दिली. लांब, अरुंद, दोघांची होडी, दोघांच्या हातात वल्हं. गाईड बाई पुढं तिच्या होडीत. दोन्ही बाजूंना खारफुटीची मुळं पाण्यात उतरलेली, मध्ये हिरवं, संथ पाणी. आम्हाला काही केल्या सरळ जाता येईना. मी उजवीकडे मारलं की तोही उजवीकडे मारायचा, आणि होडी गोल फिरून झाडीत घुसायची. गाईड बाई दोनदा परत येऊन आम्हाला मुळांतून ओढून गेली. तिसऱ्यांदा अडकलो तेव्हा मला राहवलं नाही. माझ्या पाठीमागे तो बसला होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

"मला पोहायचंय," मी म्हणाले. "उद्या. समुद्रात. जॅकेट न घालता."

मग मी सगळंच सांगून टाकलं. गंजगोलाई, निळा पोशाख, बोटीतून उडी मारायचा बेत. वडिलांचं आणि विहिरीचंही सांगितलं. "मला ते येतं की न्हाई, एवढंच बघायचंय. दुसरं काही न्हाई."

त्याने शेजारचं खारफुटीचं मूळ घट्ट धरलं. मग बोलला ते वेगळंच.

"मी तिथं होतो. विष्णुपुरीला."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, त्याला नंतर कळलं असेल.

"आम्ही दोघंच गेलतो. त्याला पवता येत व्हतं, मला न्हाई. दम लागला आसंल त्याला. माझ्याकडं बघून हात केला त्यानं. मी काठावरून वरडत राहिलो. लोक येईस्तोवर वरडतच राहिलो." मग म्हणाला, "त्याच्या आईनं इचारलं, तू काय करून राहिला व्हतास? मला सांगता आलं न्हाई."

मला मागे वळता येत नव्हतं, होडी उलटली असती. मी हात मागे केला आणि त्याचा गुडघा सापडला तो धरला. इतकी वर्षं घाटावरून मला हाका मारणाऱ्या या माणसावर मी किती वेळा चिडले होते, ते आठवून मला माझीच लाज वाटली. मी म्हणाले, "राहू द्या. न्हाई पोहत मी."

गाईड बाई आली आणि तिने आम्हाला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी तो उठला होता. निळा पोशाख घडी करून पलंगावर ठेवला होता. "राधानगरच्या किनाऱ्याला जीवरक्षक असतो म्हणे, मॅनेजरला इचारून आलो," तो म्हणाला. "दोरीला लाल गोळे बांधलेत. गोळ्यापर्यंत. त्याच्या पुढं न्हाई."

किनाऱ्यावर गेलो. जीवरक्षकाने माझ्याकडे आणि माझ्या पोशाखाकडे पाहिलं, पाणी शांत आहे म्हणाला, जा म्हणाला. नवरा वाळूवर उभा राहिला, हाताची घडी घालून. मी आत गेले. गुडघे, कंबर, छाती. मग पाय उचलले आणि मी बुडाले.

सरळ बुडाले. नाकातोंडात खारट पाणी गेलं, डोळे झोंबले, पाय वाळूला लागले तेव्हा उभी राहिले. गेलं, मला वाटलं. चाळीस वर्षांत निसटून गेलं. तिथंच रडू आलं असतं. पण मागे वळून पाहिलं असतं तर तो परत ये म्हणाला असता, आणि मी गेले असते. म्हणून वळले नाही. विहिरीत वडील सांगायचे, पाण्याशी मारामारी करायची नाही. मी पोटावर पडले, मान ढिली केली, एकदम घाई न करता हात पुढं टाकला. मग दुसरा. मग पाय आपोआप हलले, आणि पाणी माझ्या खालून सरकायला लागलं.

येत होतं. मला येत होतं! मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडलं की पाणी जात होतं. विहिरीत वळून परत यावं लागायचं, इथं समोर भिंतच नव्हती. दम लागला, दोनदा उताणी पडून तरंगले, पुन्हा निघाले. गोळ्याला हात लागला तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती. गोळा धरून मी पहिल्यांदा मागे पाहिलं.

तो उभा होता त्या जागी कुणी नव्हतं.

जीवरक्षक शिट्टी फुंकत होता, पण माझ्यासाठी नाही. माझा नवरा कपड्यांनिशी छातीएवढ्या पाण्यात उभा होता. खिशातला मोबाइल, पाकीट, सगळं आत. लाट आली की तो लडखडायचा, पण मागे सरकत नव्हता. मी जेवढ्या जोरात येता येईल तेवढ्या जोरात परत आले.

"तुम्ही एवढ्या आत कशाला आलात?" मी धापा टाकत विचारलं.

"तू थांबलीस मधीच. पालथीची उताणी झालीस."

"दम खात होते मी! अन् मला काही झालं असतं तर? पवता येतं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मग येऊन काय केलं असतं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "पण ह्या येळी काठावर वरडत बसलो नसतो."

मी त्याला तिथंच, त्या जीवरक्षकाच्या आणि वीस-पंचवीस पर्यटकांच्या देखत मिठी मारली. आमच्यात असं चारचौघांत कुणी करत नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या क्षणी तो फार आवडला, लग्न झालं तेव्हापेक्षाही जास्त. जीवरक्षक येऊन रागावून गेला. नवऱ्याने मोबाइल आणि पाकीट त्याच्याच हातात दिलं.

मग मी त्याला कमरेएवढ्या पाण्यात आणलं आणि दोन्ही हात धरून सांगितलं, श्वास घ्या, डोकं आत घाला, मी सोडत नाही. तो काही तरंगला नाही. पण त्याने डोकं आत घातलं, नाकात पाणी गेलं, खोकत खोकत मला, समुद्राला आणि अंदमान सरकारला शिव्या दिल्या, आणि पुन्हा घातलं.