चौकशीला आलेला माणूस

आमच्या गावाला एक खोड होती, अजूनही असेल. परका माणूस येऊन कुणाच्या घराबद्दल विचारायला लागला, की सगळं गाव एका तोंडानं चांगलं बोलायचं. परका विचारपूस करतो ती सोयरिकीसाठीच, आणि लेकीबाळीचं जमत असताना वाकडं बोलणाऱ्याला पाप लागतं, असा आमच्याकडचा कायदा. मग घरात कितीही भांडणं असोत, बांधावरून डोकी फुटलेली असोत, शेजारी म्हणणार, “देवमानसं हायती.” मी स्वतः किती जणींसाठी असं बोलले आहे. पण माझ्या दादाला ह्याच चांगुलपणानं खाल्लं, आणि त्याचा राग करायचा तरी कुणावर, हे मला आजवर कळलेलं नाही.

दादा पलटणीत होता. पहाडात त्यांचा ट्रक उलटला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. जखम भरली, पण फेफरं मागं लागलं. उभ्या उभ्या कोसळायचा, दातखीळ बसायची, तोंडाला फेस यायचा. आम्ही कांदा फोडून नाकाशी धरायचो. लष्करानं त्याला घरी पाठवलं आणि मागून कागद धाडला, की हा आजार नोकरीमुळं झालेला नाही, सबब पेन्शन नाही.

त्या पेन्शनीवाचून आमचं काय अडलं होतं ते सांगते. पाथर्डीच्या त्या कोरड्या भागातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. तोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्याला कोण घेतं? अण्णा आणि आई पाच-सहा महिने बाहेर असायचे, आणि दादाजवळ मी. त्याला चुलीपाशी, पाण्यापाशी एकटं सोडायचं नाही, एवढंच माझं काम. पण मी काय जन्मभर तिथं राहणार होते? माझं लग्न झाल्यावर त्याच्याजवळ कोण? पेन्शन आली असती तर आई घरी राहिली असती. बस्स, एवढंच मागणं होतं.

नगरला कोर्टाच्या मागं एक म्हातारे वकील बसायचे. सैनिकांची कामं ते फी न घेता करायचे. अण्णा मला घेऊन गेले, कारण मला वाचता येत होतं. वकिलांनी दवाखान्याचे कागद उलटेसुलटे करून पाहिले, अपील लिहिलं आणि अण्णांना म्हणाले, “दोन गोष्टी दाखवायच्यात. भरती झाला तेव्हा मुलगा धडधाकट होता, आणि आज तो तसा नाही. बघायला कुणीतरी येईल. त्याला खरं ते सांगा. वाढवून नको, लपवून तर मुळीच नको.”

अण्णा “व्हय जी, व्हय जी” करत बाहेर आले. एसटीत बसल्यावर मात्र मला बजावलं, “गावात बोलू नगं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुजं जमायचंय अजून.” दादाचं फेफरं गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. अपिलाची गोष्ट आम्ही कुणाच्या कानावर घातली नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो ती जीपची. लष्कराकडचा माणूस म्हणजे जीप, बूट आणि कडक टोपी, दुसरं काही आमच्या डोक्यातच आलं नाही. साल बहात्तरच्या दुष्काळाचं होतं. अण्णा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. लांब कुठं धुरळा उठला की आई दारात येऊन उभी राहायची.

तो आला सकाळच्या एसटीनं, धोतर नेसून, काखेत छत्री धरून, बरोबर आणखी एक जण. खरं काढायचं म्हणून तो आपण कोण हे न सांगता फिरत होता. पिठाच्या गिरणीपाशी थांबून विचारू लागला, घर कसं आहे, मुलगा कसा आहे, घराण्यात काही आजारबिजार? मुलीचा भाऊ कसा, हे सोयरेही विचारतातच. आता तुम्हीच सांगा, आमच्या गावानं काय समजायचं? गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून सांगितलं, “लाखात एक पोरगा. कवा साधं पडसंबी झालं न्हाई त्याला.” माझ्या चुलतीनं तर कडी केली. आमचा तिचा वर्षभर अबोला होता, तरी म्हणाली, “गेल्या साली एकट्यानं हीर खांदली.” विहीर! अहो, विहिरीच्या काठावर आम्ही त्याला उभं राहू देत नव्हतो.

तीच धावत आमच्याकडं आली. “आगं, पाव्हनं आल्यात पोरीसाठी. ऊठ की!”

एरवी पाहुणे यायचे म्हटलं की दादाला आम्ही दुसरीकडं पाठवून द्यायचो. त्या दिवशी वेळच मिळाला नाही. त्याला धुतलेला सदरा घातला आणि सांगितलं, ताठ उभा राहा. अण्णांचा कामावर खाडा होता, ते घरीच होते. घोंगडी अंथरली, मी लुगडं नेसून पाणी नेऊन दिलं. त्या माणसानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, लाजाळू आहे. त्यानं दादाला विचारलं, “तब्येत कशी आहे?”

“एकदम फस्क्लास, साहेब,” दादा म्हणाला.

“कामं कोणती करतोस?”

“समदी करतो की,” अण्णा मधेच म्हणाले. “बैलावानी राबतंय पोरगं.”

चहा झाला. ते उठले. आईनं पदर सावरत विचारलं, “मग, कवा कळवताल?”

“आमच्या हातात काय आहे, बाई? वरून कागद येईल.”

कागद? सोयरिकीचा कागद वरून येतो व्हय? आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते दोघं फाट्याला लागले होते. अण्णा अनवाणी धावत सुटले आणि मी त्यांच्यामागं, नव्या लुगड्याचा ओचा धरून. एसटी यायच्या आत गाठलं आम्ही त्याला.

“साहेब, पोराला फेफरं येतं. आईच्यान येतं. तुमी पाव्हनं हाय असं वाटलं आमाला.”

तो माणूस वाईट नव्हता. चिडलादेखील नाही. एवढंच म्हणाला, “बाबा, गिरणीवाला, ती बाई, तुम्ही, खुद्द मुलगा, सगळे मघाशी खोटं बोललात, आणि पेन्शनीचं आहे म्हटल्यावर आता खरं बोलताय. हे मी कसं लिहू?” एसटी आली, तो चढला आणि गेला.

घरी आलो तर दादा तसाच उभा. मला बाजूला घेऊन म्हणाला, “नीट बोललो ना गं मी? जमंल ना तुजं?” मी “हो” म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते मी?

कागद आला तो ठरल्यासारखाच. प्रकृती उत्तम, शेतीची अवजड कामं करतो, अपील नामंजूर. वकिलांनी सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, “अजून एक वाट आहे. ज्यांनी त्याला पडताना पाहिलंय, अशी दोन-चार माणसं आणा. शपथेवर लिहून देऊ द्या. पण लवकर, मुदत थोडी आहे.”

अख्ख्या गावानं त्याला पडताना पाहिलं होतं. अण्णा आधी गिरणीवाल्याकडं गेले. तो म्हणाला, “पोरगं तुजं, तसंच माजं. पर एकदा कागदावर अंगठा उठला, की तुज्या पोरीला कोन करील? तिचं उरक. मग मी सवता येतो नगरला.” चुलती तर रडली, पण येते म्हणाली नाही. मी घरात किंचाळले, “न्हाई करायचं मला लगीन!” आईनं एक मुस्काटात दिली. “आन आमी मेल्यावर काय, दोघं मिळून भीक मागताल?” अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, “आदी पोरीचं उरकू.”

उन्हाळ्यात उरकलं. बातमी पोचू नये म्हणून मला लांब दिलं, पार काष्टीकडं. लग्नाच्या दिवशी दादाला मावशीच्या गावाला ठेवलं होतं. नवऱ्याचा कान पिळायला भाऊ म्हणून चुलतभाऊ उभा राहिला. सगळे हसले, मीही हसले असेन.

गिरणीवाला शब्दाला जागला हो. हळद उतरायच्या आत अण्णांबरोबर नगरला जाऊन अंगठा देऊन आला. वकील म्हणाले, मुदत गेली. तरी त्यांनी विनंती करून कागद पाठवला. त्याचं उत्तरच आलं नाही.

दिवाळीनंतर आई-अण्णा तोडीला गेले. चुलती दादाकडं बघायची, म्हणजे जमेल तसं. त्या साली पाऊस झाला होता, विहिरींना पाणी होतं. दादा कुणाच्या तरी रानात ज्वारीला पाणी द्यायला गेला आणि वाफ्यात पालथा पडला. वीतभर पाणी होतं. जवळ कुणी नव्हतं.

दहाव्याला माझी सासू माझ्याबरोबर आली होती. मी मान खाली घालून बसले होते, आता हिला काय सांगू, कसं सांगू. तीच जवळ आली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, “आमाला ठावं हुतं गं.”

“काय, आत्याबाई?”

“त्याच्या फेफऱ्याचं. आमची मानसं तुमच्या गावात विचारायला आल्ती, तवा तो गिरनीवाला बोलला, पोराला कवा साधं पडसंबी न्हाई. एवढं चांगलं कोन बोलतं व्हय? तवाच वळकलं, कायतरी हाय. मंग बाजारात इचारलं, तर कळलं. पर आमाला पोरगी पसंत हुती. आमी कशाला बोलावं?”

म्हणजे सासरचे फसले नव्हते, बाजार फसला नव्हता, सोयऱ्याधायऱ्यांतलं कुणी म्हणजे कुणी फसलं नव्हतं. आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवला तो एकट्या सरकारनं.