लवूची घंटा

मिरजोळ्यात लवूला सगळे वायरमन म्हणूनच ओळखतात. कारखान्यातली नोकरी संपली, तरी त्याच्या पडवीत पक्कड, सोल्डरगन आणि भंगारातून आणलेल्या बॅटऱ्या पसरलेल्या असायच्या. चौकोनी बॅटरीचा पत्रा तो कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, पाठ काढावी तसा उलगडायचा. आतून बारीक सेल निघत, त्यांवर देव्हाऱ्यातला दिवा, खिशातला रेडिओ, असं काय काय चालायचं. मला त्यातलं फारसं कळत नाही. शेजारी म्हणून पाहिलं तेवढं सांगतो.

त्याची बायको जनी अर्धांगाने अंथरुणाला खिळली. डावी बाजू गेली, आवाज पडवीपर्यंतही पोचेना. तेव्हा लवूने जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडून त्यातले बोटाएवढे दोन सेल साबणाच्या डबीत बसवले. डबीवर बटण लावून ती जनीच्या उजव्या हाताला बांधली, आणि वायर ओढून घंटा मागच्या दारी लावली.

जनी ती उगाचही वाजवायची. हा धावत आत जायचा.

"काय गो?"

"काय नाय. जिता हायस काय ता बगीत व्हते."

"मेलो की सांगंन तुला!"

असं म्हणायचा खरा, पण घंटा बराच वेळ गप्प राहिली की स्वतःच आत डोकावून यायचा.

गेल्या मे महिन्यात वादळात खांब पडले, वीज गेली. चार्जर बंद, घंटा नुसती किरकिरायला लागली. मग लवूने आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. टॉर्चचे सेल उतरले की आपण उन्हात ठेवतो, त्यांत थोडा जीव येतो. त्याने डबीतले सेल काढून घरामागच्या कातळावर, आमसुलांशेजारी ठेवले. दुपारी ते उचलायला फडकं घ्यावं लागलं. वरचं प्लास्टिक आकसून फाटलं होतं.

"लवू, हा एक फुगलाय रे," मी म्हटलं.

"उन्हान फुगलाय. थंड झाला की बसंल."

सेल डबीत बसवले आणि घंटा खणखणीत वाजली. लवू हसला. जनीने आतून आणखी दोनदा वाजवून दाखवली.

मग तो परसात पाणी भरायला गेला. मी मागच्या दारातच होतो. घंटा पुन्हा वाजली, या वेळी लांबलचक.

"आलो गो! हंडा तरी भरू दे!"

हंडा अर्धा भरला असेल. घंटेचा आवाज मध्येच तुटला. पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास आला.

आत चादर पेटली होती. डबी वितळून जनीच्या हाताला चिकटली होती आणि अंगठा अजून बटणावरच होता. लवूने ती डबी उघड्या हातांनी ओढून काढली. लॅपटॉपचे सेल टॉर्चच्या सेलसारखे नसतात, तापले की पेटतात, हे आम्हाला नंतर कळलं.

जनी वाचली. उजव्या हाताची बोटं मात्र कापावी लागली. हलणारा तेवढाच हात होता.

आता लवू पडवीत बसत नाही. तिच्या खाटेशी चटई टाकून असतो. आंघोळीला जायचं झालं तर मला बोलावून बसवतो. परवा मी बसलो होतो, तर जनीचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"जिता हाय काय?"

मी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "लवू!"

पाण्याचा आवाज थांबला. अंगाचा साबणही न धुता, पंचा गुंडाळून, तो तसाच निथळत दारात येऊन उभा राहिला.