वडिलांनी तूप सोडलं तेव्हा

आमच्या खानदेशी घरात तूप सोडणं म्हणजे निम्मा संन्यासच. त्यातही वडिलांनी ते कानबाईसमोर सोडलं. लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत श्रावणात कानबाई बसते, भाऊबंद जमतात आणि तिच्या प्रसादाचे रोट तूप ओतून खातात. हृदयात स्टेंट बसवून घरी आलेल्या वडिलांनी त्या वर्षी रोट कोरडाच चावला आणि देवीला शब्द दिला: यापुढे तूप बंद.

शब्द त्यांनी पाळला. जन्मभर यंत्रमाग चालवलेला हट्टी माणूस. पण सोबत कोलेस्टेरॉलची गोळीही त्यांनी गुपचूप बंद केली.

पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. असंच राहिलं तर पुन्हा झटका येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईचा निकाल तयारच होता. कोपऱ्यावरच्या लारीवर, त्या खाऊच्या हातगाडीवर, तिचा जुना राग; तिथे डाळीचा वाफवलेला मऊ लोचो मिळतो.

"इचार तुन्हा बापले, लोचो कोठे खातस बटर टाकीसन," ती मला म्हणाली.

वडील ताटावरून उठले. मी गोळीचं विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं. "मायले वचन दिधं शे. मंग गोई काबर खावानी?" गोळी घेतली तर देवीवर भरवसा नाही असं होईल, हे त्यांचं म्हणणं.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. यकृतावर माझं प्रेमच आहे, आणि त्या दिवशी ते लपवलं नाही. म्हटलं, कोलेस्टेरॉल काही नुसतं तुपातून येत नाही. यकृत स्वतःच ते बनवतं. त्यासाठी त्याच्याकडे एक विकर आहे, एन्झाइम. बाहेरून माल कमी आला की ते जोरात कामाला लागतं, पुरेसा झाला की हात आखडतं. दुसरं एक विकर त्याच कोलेस्टेरॉलपासून पित्ताची आम्लं बनवायला घेतं. ती आतड्यात जाऊन स्निग्ध पदार्थ पचवतात आणि बहुतेक सगळी परत यकृतात येतात. ती परतली की हे विकरही मंदावतं. कुणी मुकादम नाही, भोंगा नाही. इतकी वर्षं शिकवतेय, तरी हे सांगताना मला भरून येतं.

"फक्त तुमचं यकृत जरा जास्तच कष्टाळू आहे," मी म्हटलं. "गोळी पहिल्या विकराला आवरते. मग यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. तुपाचा तिच्याशी संबंध नाही."

वडिलांनी पित्ताबद्दल काहीच विचारलं नाही.

"मंग मी खोटा नही ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी आईकडे पाहिलं. ती उठली, फळीवरून पाकीट काढलं, गोळी तळहातावर घेऊन पाण्याच्या तांब्यासकट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ल्या," ती म्हणाली. "कानबाईले मी सांगसू."