झिजलेला पुडा

घरात काही ‘संपलं’ असं बाबा कधीच म्हणायचे नाहीत. साखर वाढली, काड्यापेटी वाढली, मीठ वाढलं. आपल्या आईच्या तोंडचा हा शब्द त्यांनी जपला होता. सून नवी असताना एकदा फसली होती. ‘मीठ वाढलंय’ हे ऐकून तिला वाटलं जास्त झालंय, आणि तिनं भाजीत तांब्याभर पाणी ओतलं. त्यावर बाबा अजून हसायचे.

सून एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होती. एक वॉशर नाही म्हणून अख्खी लाईन थांबली की साहेबापासून फिटरपर्यंत सगळे स्टोअरच्या खिडकीशी येऊन बोलणी ऐकवतात, हे तिला पाठ होतं. घरीही रोज संध्याकाळी तेच. दमून यावं, कढई चढवावी, आणि तेलाच्या डब्याचा तळ दिसावा. बाबा लगेच पिशवी झटकून उभे राहायचे.

“आलोच.”

त्यांचं ‘आलोच’ म्हणजे तासभर. तोवर गॅस बंद, मुलगी भुकेनं रडवेली, नवरा पेपरामागे.

शेवटी तिनं मनावर घेतलं. घाऊक बाजारातून महिन्याचं सगळं एकदम आणलं. फळीवर जुनं पुढे, नवं मागे, अगदी स्टोअरसारखं. रविवारी आठवड्याच्या भाज्या निवडून, चिरून डब्यांत भरल्या.

“आता स्वयंपाकघरात यायला गेटपास लागणार बहुतेक,” नवरा म्हणाला.

“तुम्हाला तसाही कधी लागला नाही,” ती म्हणाली, आणि दोघं हसले. कित्येक वर्षांनी तिच्या हाती संध्याकाळ लागली होती. मुलीजवळ नुसतं बसता येत होतं.

बाबा मात्र रोज विचारायचे, “आज काय वाढलंय?”

“काही नाही, बाबा. जन्मभर शिलाई मशीन चालवलीत, आता निवांत बसा.”

ते बसायचे. काही दिवसांनी त्यांनी विचारणंही सोडलं. तिला वाटलं, सवय झाली.

एका रविवारी फळी आवरताना तिला पुढचा मिठाचा पुडा विचित्र दिसला. कोपरे मऊ पडलेले, वरची छपाई पुसट. बाकीचे पुडे करकरीत. जुना माल गळ्यात मारला वाटतं, असं पुटपुटत तिनं तो फोडून बरणीत रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, “तो पुढचा पुडा कुठे गं?”

“फोडला. मागे नवे आहेत की ढीगभर.”

“हो, नवे आहेत,” बाबा म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

आठवडाभरानं ती कामावरून परतत असताना कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिला हाक मारली.

“ताई, बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत की. का हो?”

“आठवडा झाला, दिसले नाहीत. त्यांचं मीठही नाही आलं.”

“कसलं मीठ?”

दुकानदारानं जीभ चावली. पण ती जागची हलली नाही, तेव्हा तो हळू आवाजात बोलू लागला. “दुपारी यायचे. पिशवीत मिठाचा पुडा, सगळ्यांना दिसेल असा वर. या बाकावर मंडळींबरोबर गप्पा मारायच्या आणि पिशवी उचलून घरी. कुणी विचारलं तर म्हणायचे, सुनेनं मीठ मागवलंय. रोज तोच पुडा, ताई. मी एकदा म्हटलं, बाबा, नुसतेच या की. तर म्हणाले, काम नसताना दुसऱ्याच्या दारात बसायला मी काय रिकामटेकडा आहे?”

बाक रिकामा होता. त्याच्याकडे न बघता ती निघाली.

जिना चढताना तिला ते ‘सुनेनं मागवलंय’ पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. त्या सुनेनं कित्येक आठवड्यांत काहीच मागवलं नव्हतं. घरातलं प्रत्येक काम तिनं वाचवलं होतं; ते कुणाचं होतं, हे पाहिलं नव्हतं. आणि त्यातूनही त्यांनी एक पुडा स्वतःपुरता ठेवला, नव्या पुड्यांना हात लावून तिची फळी विस्कटली नाही. तो एकही तिनं कात्रीनं फोडला.

घरात बाबा खिडकीशीच होते. तिनं फळीवरचे मिठाचे सगळे पुडे पदराआड घेतले आणि चोरासारखे कपाटात कपड्यांमागे दडवले. मग बाहेर आली. आवाज साधा ठेवायला तिला फार कष्ट पडले.

“बाबा, मीठ वाढलंय.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फळीकडे. “नवे होते ना?”

“वाढले.”

ते उठले. पूर्वी एका झटक्यात उठायचे. आता खुर्चीचे दोन्ही हात धरावे लागले. हे तिला आज दिसलं.

“एकच आणू?”

“एकच.”

“म्हणजे परत लागेल.”

“लागेल.”

तास होऊन गेला. ती कढईपाशी उभीच होती. मुलगी दोनदा भूक लागली म्हणून सांगून गेली. दार वाजलं. बाबांनी करकरीत पुडा ओट्यावर ठेवला आणि पिशवीची घडी करत म्हणाले, “दुकानदार विचारत होता, जुना पुडा कुठे गेला.”

तिनं गॅसची ज्योत उगाचच बारीक केली.

“मी सांगितलं, वाढला.”

तिला मान वर करवली नाही.