चौकोनी खाचेचा स्क्रू

आमच्या वन्सं कमी बोलतात, पण एकदा मनात धरलं की धरलं. सासऱ्यांमागे सुतारकाम त्यांनीच चालवलं. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, दुकानात बसून गोड बोलायचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. लाकडाला हात लावायचा तो फक्त गिऱ्हाइकासमोर थोपटायला!

वन्संनी स्वतःच्या पैशानं एक जिग आणली होती. मुठीएवढा ठोकळा, त्यात दोन तिरक्या नळ्या. ठोकळा फळीला क्लॅम्पनं आवळायचा आणि नळीतून ड्रिल घालायचं, की भोक हवं तसं तिरकं पडतं. त्यातून स्क्रू पिळला की दोन फळ्या घट्ट बसतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या स्क्रूंच्या डोक्याला खाच चौकोनी असते; साधा पेचकस चालत नाही, ड्रिलला चौकोनी टोकाचं बिट लावावं लागतं. शेठना याचा पत्ताच नव्हता.

गावातल्या वाचनालयाला चाळीस कपाटं हवी होती. नमुन्याचं कपाट वन्संनी केलं. त्या भावाला एवढंच म्हणाल्या, "केलंय मी, तर तसं सांग." झालं! "दुकान माझं आहे. नाव मिरवायचं तर दुसरीकडे जा," म्हणाला. सख्ख्या बहिणीला! वन्संनी जिग आणि बिटांची डबी पिशवीत टाकली आणि त्या निघून गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात मलाही कोण विचारत होतं? मी हे विसरले नाही.

ग्रंथपालबाई कपाट बघायला यायच्या होत्या, त्या दिवशी सकाळीच मी वन्संना फोन केला. हो, मीच केला.

"दहाला येणार आहेत," मी म्हटलं.

"येते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाईंनी कपाटावरून हात फिरवला. "सुरेख आहे हो! कोणी केलं?"

"मीच की," शेठ म्हणाले. लाज नाही वाटली.

"आमचा जिना अरुंद आहे. सुटं करून वर न्यावं लागेल. जरा उघडून दाखवता?"

"त्यात काय!" म्हणून साहेब खाली वाकले. पेचकस लावला, तो नुसताच गरगरला. दुसरा लावला, तिसरा लावला. कपाळाला घाम. बाई घड्याळ बघायला लागल्या. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

तेवढ्यात वन्सं आल्या. डबीतून चौकोनी बिट काढलं, ड्रिलला लावलं आणि खालून एकेक करत सोळा स्क्रू काढले. पाच मिनिटांत कपाटाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या.

"आता जोडून दाखवते," वन्सं बाईंना म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "ये, फळी धर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाटलं असेल, बायको सोडवील.

"अहो, धरा की!" मी म्हटलं.

धरली. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. वन्संनी काही घाई केली नाही. एक स्क्रू पिळायचा, हात फिरवून बघायचा, मग दुसरा. त्याच्या हातातली फळी एका बाजूला कलली.

"सरळ धर," त्या म्हणाल्या.

शेवटची फळी राहिली. बाईंनी वही उघडली. "मग काम कोणाच्या नावानं लिहू? केलं कोणी हे?"

वन्संनी ड्रिल थांबवलं. स्क्रू हातातच ठेवला. "सांग," त्या भावाला म्हणाल्या.

फळी जड होती. वन्सं थांबल्या, बाई थांबल्या, मीही थांबले.

"ताईनं केलंय," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," वन्सं म्हणाल्या.